हुजूरपागा ते नवगाव : रिबेकाबाईंच्या मागावर पाच दिवस

पहिला दिवस : पुणे

आमच्या वन्सं हुजूरपागेच्या. शाळा सोडून पन्नास वर्षं झाली, तरी "आमची हुजूरपागा" म्हणताना त्यांची मान अजून ताठ होते. त्यामुळे रिबेका रूबेन हे नाव ऐकलंय का असं मी विचारलं, तेव्हा "नाही" म्हणायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं.

"कुठल्या बॅचची?"

"१९०५ची मॅट्रिक."

"मग मी कशी ओळखणार, वहिनी!"

मी नाशिक जिल्ह्यात चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर बेने इस्राएलींबद्दल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंबद्दल वाचायचा नाद लागला. त्या वाचनात या बाई भेटल्या. जन्म १८८९चा. शिक्षण हुजूरपागेत. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिली. तेव्हाचं मुंबई विद्यापीठ म्हणजे सिंध, गुजरात, कर्नाटक सगळं त्यात आलं. एवढ्या मुलग्यांत पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी पहिली! पुढे लंडनला अध्यापनाचं शिक्षण, केंब्रिजला इस्राएल एब्रहम्स या पंडितांकडे हिब्रूचा अभ्यास, आणि १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षं मुंबईच्या इस्राएलाइट स्कूलचं मुख्याध्यापकपद. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत मी सहाच वर्षं बसले, तेवढ्यात पाठ गेली. अठ्ठावीस वर्षं म्हणजे काय ते मला कळतं.

म्हणून ठरवलं, बाई जिथे जिथे वावरल्या तिथे जाऊन यायचं. वन्सं म्हणाल्या, मी येते. गुडघ्यांचं काय, विचारलं तर म्हणाल्या, गुडघेही येतील.

लक्ष्मी रोडच्या गर्दीत हुजूरपागेचं दार चटकन दिसत नाही. दुकानांच्या रांगेतून आत शिरलं की एकदम मोकळं अंगण. पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा इथे होती, म्हणून हे नाव. १८८४ साली रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक या मंडळींनी मुलींसाठी इथे शाळा काढली, तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ झाला ते आपण वाचलेलंच आहे. मुली इंग्रजी शिकल्या तर चूल कोण फुंकणार, हा तेव्हाचा प्रश्न. त्या गदारोळाला वीस-एकवीस वर्षं होतात न होतात तोच याच शाळेतली एक इस्राएली मुलगी इलाख्यात पहिली आली.

वन्सं कट्ट्यावर बसल्या आणि आपल्या वर्गशिक्षिकांच्या गोष्टी सांगायला लागल्या. रिबेकाबाई बाजूला राहिल्या. मीही अडवलं नाही.

दुपारी रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो पाहिलं. १९२१चं, बेने इस्राएलींचं प्रार्थनास्थळ. इतकं गल्लीत मुरलेलं की समोरच्या दुकानदाराला विचारून खात्री करावी लागली. कॅम्पातलं लाल देऊळ मात्र लांबूनच दिसतं. लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं, चर्चच वाटावं असं. ते डेव्हिड ससूनचं, म्हणजे बगदादी ज्यूंचं. त्याची कबरही आवारातच आहे. बगदादी आणि बेने इस्राएली दोघंही ज्यू, पण एकाने लाल विटांचा मनोरा उभारला आणि दुसऱ्याने पेठेतल्या गल्लीत जागा शोधली. बगदाद्यांनी कोकणातल्या या भाईबंदांना बराच काळ बरोबरीचं मानलं नाही, हा इतिहास आहे. जातीची उतरंड आपण पाहुण्यांनाही शिकवतो, की ते येताना आपापली घेऊन येतात, यावर आमची रिक्षात थोडी चर्चा झाली. निकाल लागला नाही.

दुसरा दिवस : मुंबई

डेक्कन क्वीनमध्ये कटलेट खायचं हा वन्संचा नेम. तो झाला. घाटात धुकं होतं.

सीएसएमटीच्या मागेच कामा रुग्णालय. इथे थांबायचं कारण डॉक्टर जेरुशा झिराड. ह्याही बेने इस्राएली आणि ह्याही पुण्यात हुजूरपागेत शिकलेल्या. लंडनहून १९१९ साली स्त्रीरोगशास्त्रातली एम.डी. घेऊन आल्या. १९२९ ते १९४७ कामा रुग्णालय त्यांच्या हाताखाली होतं, आणि १९६६ साली पद्मश्री मिळाली. १९२५ साली मुंबईत उदारमतवादी ज्यूंची जी संघटना उभी राहिली, तिच्या मुळाशीही त्याच. एका शाळेतून काही वर्षांच्या अंतराने बाहेर पडलेल्या दोन मुली. एकीने शाळा धरली, एकीने दवाखाना. "आमची हुजूरपागा," वन्सं कामाच्या दगडी भिंतीकडे बघून म्हणाल्या. यावेळी मान जास्तच ताठ.

तिथून मशीद बंदर. या स्टेशनाचं नाव कुठल्या मशिदीवरून पडलं, हे मुंबईकराला विचारा, शंभरातले नव्याण्णव चुकीचं उत्तर देतील. मीही देत होते. बेने इस्राएली आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत आले आहेत, आणि स्टेशनाचं नाव याच जुन्या मशिदीवरून पडलं असं सांगतात. शाआर हारहमीम, दयेचं दार. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले. हे बेने इस्राएली म्हणजे कुराणात आलेले लोक आहेत, असं टिपूच्या आईने मध्ये पडून सांगितलं म्हणून जीव वाचला, आणि सुटून आल्यावर त्यांनी हे बांधलं, अशी कथा आहे. त्यांचंच इंग्रजी नाव सॅम्युअल, आणि रस्ताही सॅम्युअल स्ट्रीट.

मांडवीचा हा भाग म्हणजे हातगाड्या, पाठीवर गोणी घेतलेले हमाल, मिरची आणि हळदीचा खकाणा. आम्ही शिंकत शिंकतच दारापर्यंत पोचलो. आत जायला आधी परवानगी, ओळखपत्र, सगळं लागतं. २००८च्या हल्ल्यानंतर हे होणारच. आम्ही आठवडा आधी एका कार्यालयात फोन करून तारीख-वेळ ठरवली होती. प्रत्यक्षात तिथल्या माणसाला आमचा पत्ताच नव्हता. अर्धा तास फोनाफोनी झाली आणि "उद्या या" मिळालं. मग समोरच्या ओट्यावर बसून बाहेरून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. एक हमाल म्हणाला, "मावशी, इथे बसू नका, गोणी पडेल." त्याच्या बोलण्यात तरी आमची काळजी होती.

तिसरा दिवस : माझगाव

आजचा दिवस मुख्य.

डॉकयार्ड रोडला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. शाळेचं नाव आता सर एली कदूरी स्कूल. कदूरी हे हाँगकाँग-शांघायकडचे बगदादी ज्यू धनिक, त्यांच्या देणगीनंतर नाव बदललं. पण मुळात ही इस्राएलाइट स्कूल, १८७५ साली हाईम सॅम्युअल केहिमकरांनी सुरू केलेली. केहिमकर म्हणजे किहीमचे. आज आपण शनिवार-रविवार जोडून ज्या किहीमला जातो, तेच. राजपूरकर, पेणकर, दिवेकर, झिराडकर, नवगावकर, अष्टमकर अशी आडनावं एकापाठोपाठ वाचत गेलं की रायगड जिल्ह्याचा नकाशाच समोर येतो. त्यांच्या आधीची नावं हसाजी, समाजी, बापूजी. गावोगाव घाणे चालवायचे, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, बैल सोडायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे.

केहिमकरांना शाळेची निकड का वाटली असेल? शतकानुशतकं या लोकांना धर्म आठवत होता तो सवयींतून. शनिवारी काम नाही, खवले नसलेला मासा खायचा नाही, मुलाची सुंता आठव्या दिवशी, आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. ग्रंथ नाहीत, हिब्रू वाचता येत नाही. मग कोचीनहून शिक्षक आले, पाठोपाठ मिशनरी आले. जॉन विल्सनने १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. गंमत बघा, ख्रिस्ती करायला आलेल्यांनी यांना त्यांचा स्वतःचा ग्रंथ वाचायला शिकवलं, आणि वाचता आल्यावर हे अधिकच पक्के ज्यू झाले. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची हग्गादा, म्हणजे त्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, चित्रांसह मराठीत छापली गेली. आपली मुलं मिशनच्या शाळेत न जाता इंग्रजीही शिकावीत आणि हिब्रूही, यासाठी आपली शाळा हवी होती.

त्या शाळेच्या खुर्चीत १९२२ साली तेहतीस वर्षांच्या रिबेकाबाई येऊन बसल्या. त्याआधी १९१७ ते १९२० त्यांनी समाजाचं वार्षिक काढलं होतं. त्यात कुठे किती घरं, कोण काय शिकतंय, कुठली संस्था काय करते, असा सगळा लेखाजोखा. मला त्यांचं सगळ्यांत जास्त अप्रूप वाटतं ते या कामाचं. भाषण देणारी माणसं समाजात पुष्कळ असतात, बसून याद्या करणारी कमी. शिवाय मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी त्यांनी 'अशोक' नावाची वाचनमाला लिहिली. हिब्रू शिकलेल्या ज्यू बाईंनी इंग्रजीच्या पुस्तकाला नाव दिलं अशोक!

फाटकावरच्या रखवालदाराने आत सोडलं नाही. शाळा चालू असताना कुणालाही सोडत नाही, म्हणाला. बरोबरच आहे, मीही सोडलं नसतं. सुटेपर्यंत समोरच्या हॉटेलात चहावर चहा घेत बसलो. मग घंटा झाली आणि मुलं लोंढ्याने बाहेर आली. डोक्याला रुमाल बांधलेल्या मुली, पाणी उडवणारी मुलं, बर्फाच्या गोळ्याच्या गाडीभोवती कोंडाळं. बहुतेक मुलं मुसलमान. ज्यू मुलं आता जवळजवळ नाहीतच. १९४८नंतर घरंच्या घरं इस्राएलला निघून गेली. तेव्हा वीस हजारांच्या आसपास असलेला समाज इथे आता चार-पाच हजारांवर आलाय. रिबेकाबाई १९५०ला निवृत्त झाल्या, १९५७ला गेल्या. आपला पट रिकामा होत जाताना त्यांनी शेवटची वर्षं पाहिली असणार.

"पण शाळा चालू आहे ना," वन्सं म्हणाल्या. "आमच्याकडे गावच्या शाळा पटाअभावी बंद होतायत."

एक गोष्ट मात्र मला टोचत राहिली. केहिमकरांनी १८९७ साली लिहून ठेवलेल्या समाजाच्या इतिहासात (तो छापला गेला थेट १९३७ साली, तेल अवीवला) सणांची जुनी नावं आहेत. रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष, तो नव्याचा सण. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा उपास, तो दारफळणीचा सण, कारण दारं लावून घरात बसायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. सुक्कोथचा खिरीचा सण, पुरीमचा होळीचा सण, आणि जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास म्हणजे बिरड्याचा सण, कारण तो बिरड्यावर सोडायचा. ही नावं कोकणातल्या बायकांच्या तोंडची होती. शिक्षण आलं, खरी नावं कळली, आणि ही मागे पडली. हे रिबेकाबाईंच्या खूप आधी सुरू झालं होतं, त्यांच्या माथी मारायचं नाही. पण शाळा म्हणजे हेच असतं. मी स्वतः चौतीस वर्षं पोरांच्या पाट्यांवर 'व्हतं' खोडून 'होतं' केलंय. एका पोरीने एकदा विचारलं होतं, बाई, मग माझी आजी चुकीचं बोलती का? मी काय उत्तर दिलं होतं ते आठवत नाही. दिलंच नसेल.

भायखळ्याचं मागेन दावीद हे बगदाद्यांचं प्रार्थनास्थळ निळ्या रंगात छान दिसत होतं. पाय दुखत होते, बाहेरूनच पाहिलं.

चौथा दिवस : भाऊचा धक्का ते नवगाव

भाऊचा धक्का माझगावातच. सकाळी मासळीचा लिलाव संपत आलेला, पायाखाली ओलं, कोळणींचा आरडाओरडा. एका पाटीत सुरमई, बाजूला शिंगाळा. खवले असलेली आणि नसलेली. समाजात सांगतात की दावीद रहाबी नावाचा ज्यू कोकणात आला तेव्हा त्याने या लोकांची परीक्षा माशांवरून घेतली. घरातल्या बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली, तर त्यांनी पंख-खवल्यांची तेवढी वेगळी काढली. ग्रंथ विसरला होता, पण टोपलीतला मासा कसा निवडायचा ते बायका विसरल्या नव्हत्या. धर्मशिक्षण म्हणतात ते त्या चुलीपाशी कितीतरी पिढ्या चालू होतं. शिकवणाऱ्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

रो-रो बोटीने तासाभरात मांडवा. केहिमकर, दिवेकर पोटापाण्यासाठी याच पाण्यावरून मुंबईला गेले, आम्ही उलटे निघालो होतो. मांडव्याहून विक्रम रिक्षात नऊजणांत कोंबून नवगावच्या फाट्याला. वन्संनी मांडीवर कुणाचं तरी पोर घेतलं होतं, ते उतरेपर्यंत झोपून गेलं.

कथा अशी की, फार जुन्या काळी खांदेरी-उंदेरीजवळ एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका पोहून किनाऱ्याला लागल्या, बाकीची प्रेतं वाहून आली. ती नवगावला पुरली, पुरुषांची एका उंचवट्याखाली, बायकांची दुसऱ्या. वाचलेल्या चौदाजणांपासून हा सगळा समाज. कधी घडलं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. माझं म्हणाल तर, जमिनीवर ते दोन उंचवटे बघितल्यावर सालाची फारशी गरज वाटली नाही. दफनभूमीत आता सहा टोकांच्या ताऱ्याचं स्मारक आहे. थडग्यांवर हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी कोरलेली. मी वाचत गेले, "यांची कन्या", "यांचे वडील". मराठी नेहमीचीच, मधे मधे आडनावं शेजारच्या गावांची. मागे समुद्राचा आवाज, नारळ-सुपारीच्या वाड्या, कुठेतरी पंप चालू.

वन्संनी वाटेत तोडलेली अबोली एका थडग्यावर ठेवली. मी म्हटलं, यांच्यात फुलं वाहतात की नाही माहीत नाही हं. "कोकणातल्या माणसाला फूल चालतं," त्या म्हणाल्या.

पाचवा दिवस : अलिबाग

इस्रायल आळीतलं मागेन अबोथ हे प्रार्थनास्थळ १८४८चं, १९१०ला नव्याने बांधलेलं. इथे परवानगी मिळालेली होती आणि खरंच मिळाली! चपला बाहेर काढल्या, डोक्यावर पदर घेतला. आत पिवळसर उजेड, टांगलेले काचेचे दिवे, मधे वाचनाचा उंच चौथरा. दाखवणारे काका ऐंशीच्या पुढचे. मी रिबेकाबाईंचं नाव काढलं. त्यांनी ऐकलं होतं, पण त्याहून जास्त त्यांना मशिदीतली कीर्तनं आठवत होती. हो, कीर्तनं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेने इस्राएलींनी मोशेची, योसेफाची आख्यानं मराठी पदांत बांधली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी सगळं. योसेफाला भाऊ विहिरीत टाकतात तिथे बायका पदर डोळ्याला लावायच्या, काका म्हणाले. त्यांनी एक ओळ गुणगुणून बघितली, दुसरी आठवेना. मुलगा-सून इस्राएलला आहेत. तिथल्या आपल्या लोकांचं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक, त्याचे जुने अंक त्यांनी कपाटातून काढून दाखवले.

मी विचारलं, "काका, दारफळणी म्हणजे काय हो?"

ते थांबले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझी आजी म्हणायची." मग हसले. "आम्ही तिला हसायचो. किप्पूर म्हण, म्हणायचो."

दुपारी रिक्षाने खंडाळ्याला, म्हणजे अलिबागजवळच्या. तिथे खडक आहे, त्यावर खुणा. एलियाहू हन्नाबी, म्हणजे बायबलातला एलिया संदेष्टा, अग्निरथातून स्वर्गाला जाताना घोड्याची टाप इथे उमटली, अशी श्रद्धा. नवस फेडायला, लग्न ठरलं म्हणून, मूल झालं म्हणून लोक येतात आणि मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर पाच फळं. आमच्या आधी एक कुटुंब येऊन गेलं असावं, खडकाशी केळ्याची सालं आणि गुलाबाच्या पाकळ्या होत्या. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेतून निघालो होतो आणि एलियाहूच्या घोड्याच्या टापेशी येऊन थांबलो, हे वन्संच्याच आधी लक्षात आलं. त्या दिवसभर त्यावर खूश होत्या.

जेवायला बाजारपेठेतल्या खाणावळीत गेलो. फळ्यावर खडूने लिहिलेलं, सुरमई थाळी, बिरडं, सोलकढी. आम्ही दोघींनी बिरडं मागवलं. सोललेल्या कडव्या वालाचं, नारळाच्या वाटणातलं, जरासं गुळचट. वन्संनी दुसऱ्यांदा घेतलं. निघताना दुकानातून दोन किलो कडवे वाल बांधून घेतले.

मांडव्याच्या बोटीत बसल्यावर त्यांनी पर्समधून छोटी वही काढली. "तो उपास कधी असतो म्हणालात? बिरड्याचा?"

"जुलै-ऑगस्टात कधीतरी. दर वर्षी तारीख बदलते."

"आषाढ-श्रावणच की मग," म्हणत त्यांनी वहीत लिहिलं : बिरड्याचा सण. खाली लिहिलं : वाल दोन दिवस आधी भिजत घालणे.